चढत्या नदीचा नकाशा

मी जागा बनवतो. खोट्या जागा. आमच्या धंद्यात याला कौतुकानं जगरचना म्हणतात. शेवाळे बाई सरळ थापा म्हणायच्या, आणि मला तोच शब्द जास्त पटतो. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात, एकजण सूत्रधार होतो आणि बाकीचे चोर, वैद्य, राजकन्या नाहीतर बोलकी घोरपड होऊन त्याच्या थापेत शिरतात. शिरायचं कुठे, ते मी ठरवतो. सावल्या दोरीवर वाळत घालणारं गाव माझं. ज्याच्या भिंती दर बुधवारी मऊ पडतात आणि ज्याचे कैदी बुधवारची वाट बघत बसतात, तो तुरुंगही माझाच. लोक विचारतात, एवढं सुचतं कुठून? मी हसून काहीतरी ठोकून देतो. खरं काय ते इथे लिहितो आहे. वाचून कुणाला माझी कीव आली तर ती कृपा करून आवरावी.

शेवाळे बाई आम्हाला कराडला शाळेत भूगोल शिकवायच्या. नकाशा हातानं काढायचा, उत्तर दिशेचा बाण आधी, मग प्रमाण, मग बाकीचं, असा त्यांचा दंडक. समोच्च रेषांवर तर त्यांचा फार जीव. दोन रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की वही सरळ परत यायची. मी त्यांचा लाडका होतो, कारण माझ्या रेषा सुबक यायच्या. पुढे मी पुण्याला जाऊन या धंद्यात पडलो तरी नवीन जागा सुचली की रविवारी गाडी पकडून संगमाकडच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरी जायचो. बाई एकट्याच राहत. माझे कागद चष्मा पुसून वाचत आणि अक्षरशः सोलून काढत.

"नदी डोंगर चढते, हे मी तुझ्याखातर मान्य केलं," त्या म्हणायच्या. "आता तिचा गाळ कुठे साचतो ते सांग."

"वर. आकाशात."

"मग वरच्या गावाला सुपीक जमीन मिळाली. तिथे शेती दाखव. नुसती गंमत करू नकोस, कैवल्या."

माझं सगळं कसब एवढंच आहे आणि ते बाईंचं आहे: थाप एकच मारायची, मोठी मारायची, आणि तिच्याभोवती सगळं काटेकोर खरं ठेवायचं.

भूलपट आला आणि आमचा धंदा पालटला. दिसायला हा टेबलावर मांडायचा साधा पट. खेळणाऱ्यांनी कपाळाला एक पट्टी बांधायची. माणसाच्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, बोटाएवढा एक भाग असतो, त्यात स्थानपेशी असतात. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात की त्यातल्या ठरावीक पेशी पेटतात, ओट्यापाशी गेलात की दुसऱ्या. आपण कुठे आहोत हे आपल्याला कळतं ते या पेशींमुळे, डोळ्यांमुळे नंतर. पट्टीतून कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी जातात आणि या पेशी हव्या त्या क्रमानं पेटवतात. त्यामुळे डोळ्यांना टेबल, फासे, भडंगाची ताटली सगळं दिसत असतं, पण अंगाला मात्र खात्री पटलेली असते की आपण मऊ भिंतीच्या तुरुंगात आहोत.

अडचण एकच होती. संपूर्ण खोटी जागा मेंदू पाच मिनिटांत थुंकून टाकतो. लोकांना मळमळायचं, एकदोघं टेबलावरच ओकले. मग कळलं की तळाला एक खरी जागा लागते, कुणाच्या तरी डोक्यातली, घट्ट रुजलेली. त्या माणसाला पट्टी बांधायची, डोळे मिटून ती जागा आठवायला सांगायची आणि आठवत असताना बोलायला लावायचं, ते बोलणं फोनवर टिपून ठेवायचं. चढ, कडा, वारा, उंबरा यांची मेंदूतली चाल सगळ्या माणसांची बरीचशी सारखी असते, तेवढी उचलायची आणि तिच्यावर आपली थाप टांगायची. या खऱ्या जागेला आम्ही खुंटी म्हणतो.

खुंटीचा एक नियम प्रत्येक भूलपटाच्या खोक्यावर लाल अक्षरांत छापलेला असतो: ज्याची खुंटी, त्याला त्या पटावर बसवू नये. कारण आठवण ही कपाटात ठेवलेली वही नसते. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती बाहेर काढतो आणि पुन्हा नव्यानं लिहून ठेवतो. मधले काही तास ती ओल्या सिमेंटसारखी असते, पाय पडेल तसा ठसा उमटतो. खेळणाऱ्या इतरांना काही होत नाही, त्यांच्याकडे ती मूळ आठवणच नसते. पण ज्याची आहे त्याच्या त्याच पेशी पेटतात, आठवण ओली होते आणि थाप तिच्यात मिसळून वाळते. बेळगावच्या एका गृहस्थांनी आपल्या आजोळच्या परसाची खुंटी दिली आणि हौसेनं त्याच पटावर खेळले. परसातली विहीर आपल्याशी बोलायची असं ते आता शपथेवर सांगतात. धंद्यात हा किस्सा हसून सांगितला जातो. मीही हसून सांगितलेला आहे.

चढती नदी हा माझा सगळ्यात मोठा खेळ होणार होता. दरीतलं पाणी कडा चढून येतं, पठारावरून धावतं आणि आकाशात ओतलं जातं. कड्यावरून पाऊल बाहेर टाकलं की माणूस खाली पडत नाही, नदीबरोबर वर जातो. त्यासाठी मला खुंटी हवी होती.

"बाई, तुमची एक जागा द्या," मी म्हणालो.

"कसली जागा? या घराचा उतारा हवाय का तुला?"

"उंच जागा. कडा, समोरून वारा, खाली दरी. तुम्ही एवढ्या सहली काढल्यात."

"तशी एकच आहे," बाई म्हणाल्या. " गवळदेवाचं पठार. चालेल तुला?"

मी तिथेच नको म्हणायला हवं होतं. त्या पठारावर आम्ही आठवीत असताना सहल गेली होती आणि तिथून आमच्या वर्गातली समीक्षा वायदंडे परत आली नव्हती. पण मी पट्टी पुढे केली. बाईंना त्या दिवसाचं नक्की काय आठवतं, हे मला कित्येक वर्षांपासून जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायची हिंमत कधी झाली नव्हती.

दुपारची वेळ होती. बाईंनी डोळे मिटले आणि वेगळ्याच, सपाट आवाजात बोलू लागल्या.

"सकाळचे साडेदहा. वारा समोरून. पाणी दरीत पडत नाही, वाऱ्यानं उलटं वर उडतंय. मुलं ओरडतायत. मी त्यांना कड्यापासून मागे घेते, डबे उघडायला सांगते. मग मोजते. सत्तेचाळीस हवीत. सेहेचाळीस आहेत. तिचं दप्तर दगडापाशी. कंपासपेटीखाली एक कागद. नकाशा. उत्तरेचा बाण बरोबर, प्रमाण लिहिलेलं, समोच्च रेषा सुबक. वर्गात असा काढणारा एकच. खाली लिहिलंय, कड्यावरून पाऊल टाका, नदी तुम्हाला वर नेईल. मी कागद घडी करून पोलक्यात ठेवते. चौकशीत सांगत नाही. तेरा वर्षांचं पोर ते. एक तर गेलीच, दुसरं कशाला घालवायचं?"

बोलताना काय बोललो हे खुंटी देणाऱ्याला आठवत नाही. बाईंनी डोळे उघडले आणि पट्टी काढत विचारलं, "फार बडबडले का रे मी?"

"नाही बाई," मी म्हणालो. "वाऱ्याबद्दल बोलत होतात."

तो नकाशा माझा होता. समीक्षा माझी पहिली खेळाडू. खोडरबरावर पेनानं ठिपके काढून आम्ही फासा केला होता आणि मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर खेळायचो. मी जागा बनवायचो, ती त्यात फिरायची. सहल ठरल्यावर मी गवळदेवाच्या पठाराची सगळी माहिती काढली, भूगोलाच्या वहीत काढतो तसा चोख नकाशा काढला आणि त्यात माझी एक थाप घातली. पठारावर पोचलो तर वाऱ्यानं पाणी खरोखरच वर उडत होतं. समीक्षा माझ्याकडे बघतच राहिली. "कैवल्य, हे खरंय?" तिनं विचारलं. मला इतकं भारी वाटलं की मी म्हणालो, "जाऊन बघ की." आणि मी डबा खायला बसलो. ती एकटीच जाईल असं मला वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे मी तेव्हा काहीच विचार केला नव्हता.

चौकशीत बाईंवर निष्काळजीपणाचा ठपका आला. शाळेतली नोकरी गेली. त्यांनी घरी शिकवण्या सुरू केल्या आणि मी मूग गिळून त्याच शिकवणीला जाऊन बसलो. दहावीपर्यंत. माझी प्रत्येक वही तपासताना त्यांना माझ्या त्या रेषा दिसत असणार. दिवाळीला त्यांनी मला करंज्या खाऊ घातल्या आहेत. आणि पोलक्यात ठेवलेल्या त्या कागदाबद्दल सव्वीस वर्षांत एक अक्षर बोलल्या नाहीत.

एवढं कळल्यावर माणसानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. मी पुण्याला आलो आणि खेळ पुरा केला.

महिन्याभरानं पट घेऊन चाचणीसाठी कराडला गेलो. शिकवणीतल्या दोन जुन्या मुली, आता संसारी बायका, खेळायला आल्या होत्या. मी पट्ट्या वाटल्या तसा बाईंनी हात पुढे केला.

"माझ्या पठारावर नदी चढवलीस आणि मलाच बाहेर ठेवणार?"

खोक्यावरची लाल अक्षरं माझ्या मांडीवरच होती. नाही म्हणायला मला एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी माझ्या डोक्यात कारणं तयार होती: बाईंच्या मनावरचं ओझं उतरेल, त्या पठारावर आता कुणी पडणार नाही, उलट सगळे वर जातील, म्हाताऱ्या माणसाला तेवढंच सुख. ही कारणं मी मागाहून जुळवली असती तर थोडी तरी इभ्रत राहिली असती. ती आधीच जुळलेली होती. त्यांच्या खाली एकच खरं कारण होतं. माझं जे त्यांना ठाऊक होतं ते त्यांना ठाऊक नसावं, असं मला वाटत होतं.

"बसा की," मी म्हणालो.

बाईंना मी वाटाडीची भूमिका दिली. पठारावर वाट चुकलेली एक मुलगी भेटते, वाटाडी तिला नकाशा देते आणि कड्याकडे पाठवते, असा प्रसंग होता. तो मीच लिहिला होता. चार रविवार आम्ही खेळलो. कड्यावरून पाऊल टाकताना बाई टेबलाची कड घट्ट धरायच्या आणि मग अंग हलकं झालं की लहान मुलीसारख्या हसायच्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी सूत्रधाराच्या खुर्चीत बसून ते बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

पाचव्या आठवड्यात बाईंचा फोन आला.

"कैवल्या, मी समीक्षाच्या आईकडे जाऊन आले. इतकी वर्षं जे जिभेवर येत नव्हतं ते सांगून टाकलं."

"काय सांगितलंत?"

"तो नकाशा तिला मीच दिला होता म्हणून. मीच म्हटलं होतं, जा, बघून ये."

मी मिळाली ती चालक नसलेली एसटी पकडली. कराडला पोचेपर्यंत त्या गाडीत मी एकटाच जागेवर बसू शकत नव्हतो. बाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचे डोळे सुजले होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो: फासा, नकाशा, "जाऊन बघ की", खुंटी, लाल अक्षरं, सगळं. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काळजी आली.

"तू कसा देशील?" त्या म्हणाल्या. "तू तर तेव्हा डबा खात होतास. मला दिसतंय ना अजून."

"बाई, नकाशावरच्या रेषा माझ्या होत्या."

"तुला रेषा शिकवल्या कुणी? माझा हात मला कळत नाही?"

मी फोन काढला आणि खुंटीच्या वेळचं त्यांचं बोलणं ऐकवलं. त्यांचाच आवाज: तेरा वर्षांचं पोर ते, दुसरं कशाला घालवायचं. बाईंनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज माझा आहे खरा," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या यंत्रात काय काय घडतं ते मी चार रविवार पाहिलंय. तिथे नदी डोंगर चढते, कैवल्या." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यावरचं स्वतःवर घ्यायला आलास. तुझ्या मनात माझ्याबद्दल इतकं आहे हे माहीत नव्हतं. पण हे खोटं मला नको."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. जिनं सगळं जाणून मला पदराखाली घेतलं होतं ती बाई मी पुसून टाकली होती, आणि आता जी उभी होती ती मला गुणी म्हणत होती.

"समीक्षाची आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"या दारात परत येऊ नका म्हणाली. बरोबरच आहे तिचं."

समीक्षाच्या आईचं बाजारपेठेमागे पिको-फॉलचं दुकान आहे. बाई दर वर्षी त्या तारखेला तिथे जायच्या, दोघी चहा प्यायच्या, फारसं न बोलता तासभर बसायच्या. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी मात्र ती गल्लीच टाळत आलो होतो. दुकानात शिरलो तेव्हा काकू यंत्रावर साडी लावत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी यंत्र थांबवलं.

"तू दाभोळ्यांचा न्हवं? समीक्षाच्या वर्गातला?"

"होय काकू."

"बस. पाणी पाहिजे का? चेहरा काय झालाय तुझा."

मी बसलो नाही. पाणीही घेतलं नाही. बाईंना सांगितलं तेच सगळं त्यांना सांगितलं. काकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. समीक्षानं मला काय विचारलं आणि मी काय म्हणालो, हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली साडी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मग शेवाळे बाई असं का म्हणाल्या?" त्यांनी शेवटी विचारलं. "माझ्या फुड्यात बसून हमसून हमसून रडल्या. त्या खोटं बोलणाऱ्या बाई न्हाईत."

"त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांना तसंच आठवतंय. मी तसं केलंय."

मग मला पट, पट्टी, ओली आठवण, सगळं समजावून सांगावं लागलं. काकूंना पहिल्या झटक्यात कळलं. त्या यंत्र चालवणाऱ्या बाई. कुठला दोरा कुठून ओवला की काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"परत जसंच्या तसं करता येतं का?"

"मूळ खुंटी माझ्याकडे आहे. पुन्हा पुन्हा दिली तर बरंचसं परत येईल. पण त्यासाठी बाईंनी हो म्हणायला हवं, आणि त्यांना माझं खरंच वाटत नाही."

"आणि परत आलं तर त्यांनी काय करायचं? तुझं पाप पुन्हा पोटात घेऊन बसायचं?"

काकूंनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते.

"मी त्यांना काल नको नको ते बोलले," त्या म्हणाल्या. "म्हणले, तुमच्यापायी माझी पोर गेली. सव्वीस वर्सांत एकदा न्हाई म्हणले, ते काल म्हणले. तशाच उठून गेल्या, चप्पल उलटी घालून."

मी मान खाली घातली. काकू उठल्या आणि अगदी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्या खांद्याएवढ्याच आहेत.

"समीक्षाला बोललास तवा तू केवढा होतास?"

"तेरा वर्षांचा."

"ते मी समजून घीन. आज न्हाई, पण कदी तरी घीन. तेरा वर्साचं पोर म्हणून बाईंनी घेतलंच की. आता मला सांग, बाईंना त्या पटावर बसवलंस तवा केवढा होतास?"

काकू हलल्या नाहीत. उत्तर घेतल्याशिवाय त्या मला सोडणार नव्हत्या.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हिशेब लागला अशी नव्हे, नुसतं ऐकलं अशी. मग यंत्राचं बटण बंद केलं, दुकानाचं शटर ओढलं आणि बाईंच्या घराच्या दिशेनं झपाझप चालायला लागल्या. मला त्यांनी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मी मधे बरंच अंतर ठेवून त्यांच्या मागे चालत राहिलो.